दिवाळीची सुट्टी आणि तीन नंबरचा बावटा

2025 सालचा दसरा गुरुवारी झाला आणि शुक्रवारी अरबी समुद्रात ‘शक्ती’ अवतरली. चक्रीवादळाचं हे नाव श्रीलंकेनं सुचवलेलं, 2020 सालीच यादीत जाऊन बसलेलं. पण मुहूर्त असा साधला की आमच्या नेरुळच्या गल्लीत आधी कुणाला ते खरंच वाटेना. “अहो ताई, घट हलवून एक दिवस नाही झाला,” शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, “आणि टीव्हीवर सांगतायत, शक्ती आली, किनाऱ्याला इशारा. मला वाटलं, कुठल्या तरी मंडळाची बातमी आहे.”

सिडकोनं बांधलेल्या रो-हाऊसेस आमच्या. दोन घरांच्या मधली भिंत कमरेएवढी, तिच्यावर तोंडलीचा वेल. वेल माझा, तोंडली लागतात ती त्यांच्या बाजूला. त्यामुळे तोंडली द्यायच्या निमित्तानं त्या रोज संध्याकाळी हजर, आणि घ्यायच्या निमित्तानं मी. शक्ती पुढे दोन-चार दिवसांत पश्चिमेला ओमानच्या बाजूला सरकली आणि समुद्रातच विरली. आम्हाला पावसाच्या चार सरीसुद्धा धड दिल्या नाहीत. पण तोवर वहिनींच्या घरात मात्र वादळ पूर्ण ताकदीनं पोचलं होतं.

झालं असं की, वहिनींच्या मिस्टरांनी यंदाच्या दिवाळीत तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग करायचं ठरवलं होतं. नवरा, बायको, आठवीतली मुलगी, आणि दीर-जाऊ पुण्याहून. मिस्टरांनी महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ बघून समुद्राच्या तळाचा एवढा अभ्यास केला होता की, पाण्यात उतरणं ही आता केवळ औपचारिकता उरली होती. पाण्यातला चष्मासुद्धा आणून झाला. तो लावून ते हॉलमध्ये फिरतात, असं वहिनी म्हणाल्या. आता मी काही तो प्रकार पाहिलेला नाही, पण त्यांच्या घरचा पडदा गेल्या रविवारी दिवसभर ओढलेला होता, एवढं खरं.

गंमत म्हणजे वहिनींचं माहेर देवबागचं. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांची अरुंद पट्टी. एवढं पाणी दोन्ही बाजूंनी असून बाईंनी आजवर समुद्रात गुडघ्याच्या वर पाय घातलेला नाही. “माशाशी आमची ओळख कालवणातली,” त्या म्हणतात. “गोब्रा तव्यावर कसा दिसतो ते विचारा. पाण्यात कसा दिसतो ते बघायला पैसे भरून कशाला जायचं?”

मी म्हटलं, “वहिनी, तुमचा भाऊ तिथे बोट चालवतो ना? त्याला विचारलंत?”

“विचारलं तर! हे म्हणाले स्पीकरवर टाक. टाकला.”

आणि मग त्यांनी भावाची नक्कल करून दाखवली. माहेरचा विषय निघाला की वहिनींची भाषा पनवेल ओलांडायच्या आत कुडाळला पोचते. “गो बाय, बंदरार धोक्याचो बावटो लागलो हा, तीन नंबरचो. तुमचा ता स्कुबा-बिबा मी सांगीपर्यंत काढू नको. दिवाळेक येवचा तर येवा, घरात बसा, वडे-सागोती खावा. पण पाण्यात उतरूचा नाव नको. पाणी गढूळ आसा, हात फुडे केलो तर हात दिसाचो नाय.”

“मग?”

“मग काय! हे म्हणाले, तुझा भाऊ जुन्या वळणाचा आहे. बुकिंग करून टाकतो.”

तर हे असं. मला विचाराल तर त्या भावाच्या दोन वाक्यांत हवामानखात्याचं अख्खं बुलेटिन आलं. पण घरच्या जावयानं सासरच्या माणसाचं ऐकलं तर जावईपण उरत नाही, हाही कोकणातला जुनाच नियम आहे.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातले कॅप्टनसाहेब कुत्र्याला घेऊन आले. हे मर्चंट नेव्हीतून निवृत्त. आमच्या नेरुळ-सीवूड्स भागात दर चार घरांमागे एक तरी बोटीवरचा माणूस सापडतो, तसे. एरवी ते ‘काय, बरं आहे ना’च्या पुढे जात नाहीत. पण वादळ हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि कुत्रा आमच्या गेटच्या कडीला बांधला गेला.

“तुम्हाला एक गोष्ट सांगतो,” ते म्हणाले, “ती तुमच्या शाळावाल्यांनी कधी लक्षात घेतली नाही. अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन. एक पावसाच्या आधी, म्हणजे मे आणि जूनचा सुरुवातीचा भाग. दुसरा पाऊस गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आता तुमच्या मुलांच्या सुट्ट्या कधी असतात ते सांगा.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मे महिना आणि दिवाळी. इतकी वर्षं कॅलेंडर भिंतीवर आहे, त्यावर सुट्ट्यांना लाल आणि एकादशीला आणखी काय काय आहे, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. सहल म्हटली की आपण मुलांची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि हॉटेलचा दर बघतो. समुद्राची रजा कधी असते हे बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

वहिनी लगेच म्हणाल्या, “मग मधले चार महिने? जून ते सप्टेंबर? तेव्हा तर समुद्र नुसता खवळलेला असतो, आणि तुम्ही म्हणता वादळ नाही?”

कॅप्टनसाहेबांना असा प्रश्न बहुतेक कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, खवळलेला समुद्र वेगळा आणि चक्रीवादळ वेगळं. चक्रीवादळाला दोन गोष्टी लागतात. समुद्राचं पाणी साडेसव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर तापलेलं हवं, आणि वर आकाशापर्यंत वारा साधारण एका चालीचा हवा. भर पावसाळ्यात खाली मान्सूनचा वारा पश्चिमेकडून जोरात येतो आणि वर दहा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून उलटा वाहतो. वादळ उभं राहायला लागलं की, त्याचं डोकं एकीकडे ओढलं जातं आणि पाय दुसरीकडे. त्यामुळे ते धड उभंच राहू शकत नाही. हे उलटसुलट वारे पावसाच्या आधी आणि नंतर मंदावतात, पाणी तापलेलं असतं, आणि मग वादळाला रान मोकळं.

“ऑगस्टमध्ये कधीच नाही?” मी विचारलं.

“कधीच, असं समुद्राच्या बाबतीत म्हणू नये. मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी कच्छकडून ‘असना’ समुद्रात उतरलंच की. पण ते नवलच. आणि नुसत्या वाऱ्यालाही कमी लेखू नका. 5 ऑगस्ट 2020 आठवतंय? त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतं, आणि तरी पलीकडे जेएनपीटीत तीन अवजड क्रेन आडव्या झाल्या.”

आठवतंय तर! ते साल विसरण्यासारखं नव्हतंच. 3 जूनला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं तेव्हा आम्ही सगळे करोनाच्या भीतीनं घरात कोंडलेले, आणि आता वादळासाठी घरातच राहा म्हणून पुन्हा सांगितलेलं. वहिनींनी त्या दिवशी गच्चीवरची तुळस हॉलमध्ये आणून ठेवली होती. पुढच्याच वर्षी मेमध्ये ‘तौक्ते’. ते तर मुंबईला बाजूनं घासून गुजरातला गेलं, पण जाता जाता आख्खी कोकणपट्टी झोडपून गेलं. देवबाग-मालवणात दिवसेंदिवस वीज नव्हती, आंब्याचा उरलासुरला माल झाडाखाली. आणि बॉम्बे हायजवळ ‘पी-305’ नावाचा बार्ज बुडाला. तो आणि एक टग मिळून 80 हून अधिक माणसं गेली. ती माणसं सहलीला गेली नव्हती, कामावर होती.

हे निघाल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. कुत्र्यानं मात्र माझ्या अळूत पाय घातला.

मग वहिनींनी मुद्द्याला हात घातला. “पण कॅप्टनसाहेब, समजा वादळ लांब आहे. ओमानकडे चाललंय. आपल्याकडे लख्ख ऊन. मग काय हरकत आहे? हे तेच म्हणतात. म्हणतात, विंडी बघ, वादळ कुठल्या कुठे आहे.”

विंडी म्हणजे ते मोबाईलवरचं वाऱ्याचं ॲप. हल्ली घरोघरी एक तरी माणूस त्यात बोट घालून बसलेला असतो, आणि ढग बघायला खिडकीपर्यंत जात नाही.

“2019 ची दिवाळी आठवा,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

ती तर वहिनींना माझ्याहून जास्त आठवत होती. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अरबी समुद्रात ‘क्यार’ होतं. 2007 च्या ‘गोनू’नंतर या समुद्रात एवढं मोठं वादळ झालं नव्हतं, महाचक्रीवादळाच्या वर्गात गेलेलं. ते जमिनीवर आलंच नाही, लांबून पश्चिमेला निघून गेलं. पण कोकणात कापणीला आलेला भात पाण्यात गेला, परप्रांतातल्या मच्छीमार बोटीसुद्धा देवगड बंदरात आसऱ्याला येऊन थांबल्या, आणि किनाऱ्यावर लाटांनी घरंदारं गाठली. वहिनी भाऊबीजेला गेल्या होत्या. “फराळाचे डबे माळ्यावर ठेवून आम्ही पाणी कुठवर येतंय ते बघत होतो. आई म्हणाली, चकल्या वाचल्या तरी पुरे.” ते वादळ शमतंय तोवर ‘महा’ उभं राहिलं. एकाच वेळी समुद्रात दोन.

तर वादळ लांब असलं तरी त्याची लाट लांबून येते, हे कॅप्टनसाहेबांचं म्हणणं. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी मात्र खालून ढवळलेलं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज वेगळा देते तो ह्यासाठीच. मच्छीमार तो बघतात. पर्यटक हॉटेलच्या नाश्त्याचा फोटो बघतात.

आणि लाटेचं सोडा, मालवणला ऑक्टोबरात पाहायचं तरी काय? पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ अजून पाण्यात असतो. तिथे लोक जातात ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचे खडक आणि त्यावरचं प्रवाळ बघायला. महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा त्याच्या भोवतीच्या ज्या बुडालेल्या खडकांची शत्रूच्या जहाजांना धास्ती, त्याच खडकांत आता आपण मासे बघतो. 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्यही झालं. पाणी निवळतं ते थंडी पडायला लागल्यावर. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हे खरे दिवस. सरकारी शिक्का बघायचा तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद, 1 सप्टेंबरपासून सुरू. पण शिक्का पडला म्हणून पाणी निवळत नाही.

वहिनींच्या जाऊबाई चार वर्षांपूर्वी जानेवारीत जाऊन आल्या आहेत, त्यांचा किस्सा वहिनींनी ह्या ठिकाणी घुसवला. पाण्यात बोलता येत नाही म्हणून बोटीवर आधी खुणा शिकवतात. अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’, आणि ‘सगळं ठीक’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं कडं. दीर खाली गेले, मासे बघून हरखले आणि आनंदानं अंगठा दाखवला. गाईडनं त्यांना वर आणलं. पुन्हा खाली, पुन्हा आनंद, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. शेवटी गाईड म्हणाला, “काका, हात खिशात ठेवा.” त्या पोशाखाला खिसा नसतो ही गोष्ट वेगळी. जाऊबाई मात्र नाक चिमटीत धरून कानावरचा दाब सोडत शांतपणे पूर्ण वेळ खाली राहिल्या, आणि तेव्हापासून त्या घरात कुठल्याही वादात जिंकतात.

सर्दी असेल तर ते कानाचं जमत नाही, म्हणून गोळी घेऊन उतरायचं तर त्याहूनही वाईट. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना कान फाटल्यासारखे दुखतात. वहिनींच्या मिस्टरांना ऑक्टोबरात दरवर्षी सर्दी असते. ही माहिती मी नुसती भिंतीवर ठेवून दिली.

कॅप्टनसाहेबांना घरून हाक आली होती, पण ते हलले नाहीत. जाता जाता म्हणून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नीट खोल डुबकी मारलेल्या माणसानं अठरा तास तरी विमानात बसू नये, चोवीस झाले तर उत्तम. हवेचा दाब कमी झाला की, रक्तात विरलेला नायट्रोजन बुडबुडे धरतो. परतीला आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरमार्गे यायचा बेत असेल तरी तोच विचार करायचा, कारण घाट म्हणजेही उंचीच. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्था आहे, तिथे रीतसर शिकणाऱ्यांना हे पहिल्यांदा घोकवतात. हौसेखातर दहा-पंधरा मिनिटं उथळ पाण्यात उतरणाऱ्यांना कुणी सांगत नाही, त्यांना तेवढा धोकाही नसतो. पण आता आपल्याकडे विमानतळ झालाय, म्हणजे सकाळी मासे आणि रात्री नवी मुंबई असे बेत निघणारच.

दुसरी गोष्ट त्यांनी हळू सांगितली. 2022 च्या मेमध्ये, म्हणजे सुट्टीच्याच दिवसांत, स्कुबा करून परतणारी एक बोट तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. वादळ नव्हतं तेव्हा. “खाली पाण्यात फारसं काही होत नाही,” ते म्हणाले. “जे होतं ते बोटीत चढता-उतरताना, किनाऱ्याच्या लाटेत. लाइफ जॅकेट घाला म्हटलं की फोटो वाईट येतो म्हणणारी माणसं मी बघितली आहेत.”

कॅप्टनसाहेब गेले. आम्ही अर्थातच नाही गेलो. वहिनींच्या नणंदेचा विषय राहिला होता.

नणंद ह्यूस्टनला असते. तिथे वादळाचा हंगाम सरकारी कागदावर 1 जून ते 30 नोव्हेंबर, सगळ्यात जोर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. गेल्या वर्षी जुलैत ‘बेरिल’ आलं तेव्हा ही बया भर उकाड्यात विजेशिवाय होती, फ्रिजमधली श्रीखंडाची वाटी आंबली म्हणून तिनं इकडे फोन करून रडून घेतलं. आता शहाणी झाली असेल की नाही? तर नाही. तिनं यंदा सप्टेंबरात मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर डायव्हिंगचं बुकिंग केलं, का, तर निम्म्या दरात मिळालं.

“अहो, निम्म्या दरात का मिळालं?” मी म्हटलं. “2005 मध्ये ‘विल्मा’ त्याच बेटावर ठाण मांडून बसलं होतं.”

“तेच मी म्हटलं. तर म्हणते, वहिनी, मी इन्शुरन्स घेतलाय.”

ह्या इन्शुरन्सची एक मेख तिथल्याच कुणीतरी तिला सांगितली ती बरी. वादळाला नाव पडायच्या आत पॉलिसी काढली असेल तर पैसे मिळतात. एकदा नाव पडलं की, मग काढलेली पॉलिसी त्या वादळापुरती कोरा कागद. तिनं तिकिटाबरोबरच काढली होती. सुदैवानं काहीच आलं नाही, आणि आता ती स्वतःला हवामानतज्ज्ञ समजते. खरं तर तिथल्या माहीतगारांना सप्टेंबरात जायचंच असलं तर ते खाली दक्षिणेला बोनेरच्या बाजूला जातात. वादळांची वाट सहसा त्या बेटांच्या उत्तरेनं जाते. पण ते स्वस्त नाही. समुद्रात स्वस्त मिळालेली गोष्ट बाजारातल्या स्वस्त पापलेटासारखी, वास घेऊन बघावी.

आणि आपल्या अंदमानाचं? तिथेही 2016 च्या डिसेंबरात वादळी हवेत हॅवलॉक बेटावर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि नौदलाला बोटी पाठवाव्या लागल्या. बेटावर गेलं की परतीचा मार्ग बोटीच्याच हातात. तारकर्लीचं निदान तेवढं बरं, वाईट आलं तर गाडीनं कुडाळ गाठता येतं.

खरी गोची तिकिटाची आहे. कोकण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि उघडल्या उघडल्या मांडवी, कोकणकन्या, तुतारी सगळ्या भरतात. हवामानखातं वादळाचा मार्ग सांगतं तो जेमतेम पाच दिवस आधी. म्हणजे तिकीट काढताना समुद्राचं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक होतं तेव्हा तिकीट मिळत नाही. ह्यावर वहिनींच्या भावाचा तोडगा मला पटला. रेल्वेचं तिकीट काढा, रद्द केलं तर थोडेच पैसे जातात. राहायचं ठिकाण असं घ्या की तारीख पुढे ढकलता येईल. आणि बोटवाल्याला आगाऊ रक्कम सगळी देऊ नका. सगळी दिली की तो नाइलाजानं बावटा बघेनासा होतो, आणि तुम्हीही. त्याशिवाय एक दिवस हातात राखून ठेवा, ज्या दिवशी नुसतं घावणे खात पडवीत बसायचं.

हा भाऊ जुन्या वळणाचा म्हणे.

मग तिथल्या तिथे, तोंडलीच्या वेलाखाली, जानेवारीचा बेत ठरला. 26 जानेवारी सोमवारी येते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस, वर शुक्रवारची एक दांडी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठच्या ठोक्याला पनवेल ते कुडाळ काढायचं. देवबागला माहेरी उतरायचं, हॉटेलचा खर्च वाचला. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त ‘गुलदार’ बोट बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं घाटतंय, तेही होईल तेव्हा होईल, तोवर किल्ल्याजवळचे मासे पुरेत. मिस्टरांची सर्दी तोवर जाईल. आणि मिस्टरांना सांगायचं असं की, ही कल्पना विंडीनं दिली.

राहिला प्रश्न मुलीच्या शाळेचा. जानेवारीत तिची चाचणी, शुक्रवारी विज्ञानाचा पेपर. “ताप आला म्हणून चिठ्ठी देईन,” वहिनी म्हणाल्या.

“द्या. पण तिच्या वर्गशिक्षिका आपल्याच गल्लीत तिसऱ्या घरात राहतात.”

“अगं बाई, हो की!” वहिनींनी आवाज खाली आणला. आणला खरा, पण तोवर तिसऱ्या घरातल्या बाई कचऱ्याचा डबा घेऊन गेटाशी आल्या होत्या, आणि डबा रिकामा करायला एरवी लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावत होत्या.

“पेपर सोमवारी घेता आला असता,” त्या तिथूनच म्हणाल्या, “पण सोमवारी झेंडावंदन आहे. आणि काय हो, बोटीत एखादी जागा वाढेल का?”